सौर संशोधकाचे मोजमाप : आकडा काय सांगतो, काय सांगत नाही

दरवर्षी पावसाळा सरता सरता जिल्हा पुरवण्यांमध्ये एक बातमी हमखास येते. अमुक महाविद्यालयातील प्राध्यापकांचा जगातील अव्वल दोन टक्के शास्त्रज्ञांत समावेश. सोबत शाल-श्रीफळाचे छायाचित्र, संस्थेच्या पदाधिकाऱ्यांकडून अभिनंदन आणि शेवटच्या परिच्छेदात तीन आकडे : शोधनिबंध इतके, सायटेशन इतकी, एच-इंडेक्स इतका. अशा बातम्यांत सौरऊर्जा, नॅनो पदार्थ, पातळ थर या विषयांतील प्राध्यापकांची नावे बरीच असतात. तालुक्याच्या गावी बसून कोणी जगाच्या यादीत गेले, याचा आनंद रास्त आहे. पण बातमी वाचणाऱ्यांपैकी फार थोड्यांना त्या तीन आकड्यांचा अर्थ ठाऊक असतो.

हा अर्थ कळण्याची गरज मात्र अनेकांना आहे. बारामतीचे तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय १९६२ पासून चालू आहे. इंदापूरलाही कला, विज्ञान आणि वाणिज्य महाविद्यालय आहे. दोन्ही सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या छत्राखाली येतात. या भागातून भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करणारा मुलगा किंवा मुलगी पीएच.डी.साठी मार्गदर्शक शोधते, तेव्हा ती आधी इंटरनेटवर हेच आकडे पाहते. पुढची चार-पाच वर्षे त्या निवडीवर अवलंबून असतात. प्राध्यापकाची पदोन्नती, महाविद्यालयाचे मानांकन आणि सरकारी निधी यांच्या निर्णयातही आकडे येतात. आणि ज्या शेतकऱ्याच्या बांधावर सौरपंप बसला आहे, त्याच्या अडचणींवर कोणी संशोधन करणार की नाही, हेसुद्धा काही प्रमाणात याच आकड्यांवर ठरते.

आकडा तयार होतो कसा?

एखाद्या शोधनिबंधाचा दुसऱ्या संशोधकाने आपल्या निबंधाच्या संदर्भयादीत उल्लेख केला, की पहिल्याच्या खात्यावर एक सायटेशन जमा होते. हे उल्लेख पद्धतशीर नोंदवण्याची कल्पना अमेरिकेतील युजीन गारफिल्ड यांनी १९५५ साली 'सायन्स' नियतकालिकात मांडली आणि १९६४ पासून 'सायन्स सायटेशन इंडेक्स' नावाची सूची निघू लागली. एखाद्या कल्पनेचा पुढे कोणी कसा वापर केला, हे शोधता यावे हा त्यामागचा हेतू. नियतकालिकाच्या निबंधांना सरासरी किती उल्लेख मिळतात, हे सांगणारा 'इम्पॅक्ट फॅक्टर'ही गारफिल्ड यांच्याच कामातून आला. तो ग्रंथालयांना नियतकालिके निवडताना उपयोगी पडत असे. माणसे मोजण्यासाठी तो बनवलेला नव्हता.

माणसे मोजणारा आकडा २००५ मध्ये आला. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो शाखेतील भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी एच-इंडेक्स सुचवला. संशोधकाचे निबंध जास्त उल्लेखांपासून कमी उल्लेखांपर्यंत क्रमाने लावायचे. ज्या क्रमांकापर्यंत प्रत्येक निबंधाला किमान त्या क्रमांकाइतके उल्लेख आहेत, तो क्रमांक म्हणजे एच-इंडेक्स. एच-इंडेक्स २० म्हणजे किमान वीस निबंध असे, ज्यांचा प्रत्येकी वीस किंवा अधिक वेळा उल्लेख झाला आहे.

कल्पनेतील दोन संशोधक घेऊ. एकीने साठ निबंध लिहिले आणि प्रत्येकाला वीस उल्लेख मिळाले. एकूण १,२०० उल्लेख, एच-इंडेक्स २०. दुसऱ्याने बाराच निबंध लिहिले, पण त्यातील एकाला हजार उल्लेख आणि उरलेल्या अकरांना मिळून दोनशे. एकूण पुन्हा १,२००. त्याचा एच-इंडेक्स मात्र बाराच्या वर कधीच जाऊ शकत नाही, कारण निबंधच बारा आहेत. या दोघांपैकी श्रेष्ठ कोण, याचे उत्तर आकड्यांत नाही. त्या एका निबंधात काय आहे, हे वाचल्याशिवाय ते मिळणार नाही.

शिवाय एकाच माणसाचे आकडे दोन ठिकाणी दोन असतात. गुगल स्कॉलर प्रबंध, परिषदांतील लेख, अप्रकाशित मसुदे असे बरेच काही मोजते. स्कोपस निवडक प्रकाशनेच मोजते, म्हणून तिथला आकडा बहुधा लहान असतो. बातमीत आकडा कोणत्या ठिकाणचा आहे, हे लिहिलेले नसेल, तर दोन प्राध्यापकांची तुलना करण्यात काहीच अर्थ नाही.

ज्या यादीवरून बातम्या होतात, ती 'स्टॅनफर्डची यादी' म्हणून ओळखली जाते. विद्यापीठाने दिलेला हा पुरस्कार नव्हे. तेथील प्राध्यापक जॉन इओअनिडिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्कोपसच्या माहितीवरून २०१९ पासून चालवलेला हा संख्याशास्त्रीय उपक्रम आहे. त्यात दोन स्वतंत्र याद्या असतात : एक संपूर्ण कारकिर्दीची, दुसरी एकाच वर्षाची. दोन्हींचे वजन सारखे नाही, पण बातमीत हा फरक सहसा गळतो. यादीत एच-इंडेक्सखेरीज एकट्याने, पहिल्या किंवा शेवटच्या क्रमांकाचा लेखक म्हणून लिहिलेल्या निबंधांचाही विचार होतो. स्वतःच स्वतःचे उल्लेख करण्याचे प्रमाण वेगळे दिलेले असते. २०२४ पासून मागे घेतलेल्या निबंधांची नोंदही त्यात आली आहे. यादी उघडून हे रकाने पाहणारा वाचक शीर्षकापेक्षा बरेच जास्त शिकतो.

पातळ थराची परंपरा

सौर संशोधनातील आकडे मोठे का असतात, याचे एक कारण विषयातच आहे. पदार्थविज्ञानात जगभर प्रचंड लेखन होते आणि प्रत्येक निबंधाची संदर्भयादी लांब असते. गणितात किंवा वनस्पतींच्या वर्गीकरणात तसे नसते. तेव्हा एकाच महाविद्यालयातील सौर पदार्थांचा अभ्यासक आणि गवतांच्या जाती नोंदवणारा अभ्यासक यांचे एच-इंडेक्स शेजारी शेजारी मांडणे हे ऊस आणि ज्वारी यांचे एकरी वजन मांडण्यासारखे आहे.

दुसरे कारण महाराष्ट्रातले आहे. काचेच्या पट्टीवर प्रकाश शोषणाऱ्या किंवा वीज वाहून नेणाऱ्या पदार्थाचा अतिशय पातळ थर चढवायचा, हे सौरघटाच्या संशोधनातील मूलभूत काम. त्यासाठी निर्वात कक्ष आणि महागडी यंत्रे लागतात, असा सर्वसाधारण समज. रासायनिक पद्धतीने मात्र ते चंचुपात्रातही साधते. कॅडमियमचा क्षार, थायोयुरिया आणि अमोनिया यांच्या कोमट द्रावणात काचपट्टी उभी ठेवली, की तिच्यावर कॅडमियम सल्फाइडचा पिवळा थर हळूहळू बसतो. दुसऱ्या एका पद्धतीत पट्टी आधी एका द्रावणात बुडवायची, पाण्यात विसळायची, मग दुसऱ्या द्रावणात बुडवायची, पुन्हा विसळायची. प्रत्येक फेरीला थराची जाडी थोडी वाढते. या दुसऱ्या पद्धतीचे इंग्रजी आद्याक्षरांवरून पडलेले नाव 'सिलार'.

कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्रा. चंद्रकांत लोखंडे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी या स्वस्त पद्धतींवर दीर्घकाळ काम केले. राजाराम माने आणि लोखंडे यांचा रासायनिक थरांवरील आढावा २००० साली 'मटेरियल्स केमिस्ट्री अँड फिजिक्स'मध्ये आला. हबीब पठाण आणि लोखंडे यांचा सिलार पद्धतीवरील आढावा २००४ मध्ये 'बुलेटिन ऑफ मटेरियल्स सायन्स'मध्ये प्रसिद्ध झाला. जगभरचे संशोधक आजही या दोन लेखांचा आधार घेतात. पठाण पुढे पुणे विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात आले.

यातील दुसऱ्या लेखाची गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवावी अशी आहे. 'बुलेटिन ऑफ मटेरियल्स सायन्स' हे बंगळूरच्या इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेसचे नियतकालिक. त्याचा इम्पॅक्ट फॅक्टर परदेशी नामांकित नियतकालिकांच्या तुलनेत अगदी लहान आहे. केवळ नियतकालिकाच्या आकड्यावरून गुण दिले, तर हा लेख मागच्या रांगेत बसला असता. प्रत्यक्षात त्याला शेकड्यांनी उल्लेख मिळाले. नियतकालिकाची सरासरी आणि त्यातील एका लेखाचे मोल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इतक्या जवळच्या उदाहरणावरून स्पष्ट होते.

त्याच वेळी आणखी एक बाब ध्यानात घ्यायला हवी. हे दोन्ही आढावा लेख आहेत. आढाव्यात एका विषयातील आधीचे सगळे काम एकत्र मांडलेले असते, म्हणून पुढचे संशोधक सोयीसाठी त्याचाच उल्लेख करतात. चांगला आढावा लिहायला विषयावर पकड लागते. पण आढाव्याचे उल्लेख आणि नव्या प्रयोगाचे उल्लेख एकाच तराजूत तोलू नयेत. संशोधकाच्या यादीत सर्वाधिक उल्लेख कोणत्या प्रकारच्या लेखाला आहेत, हे पाहिले की चित्र बरेच स्वच्छ होते.

तालुक्याच्या प्रयोगशाळेचे गणित

थर चंचुपात्रात बनतो, पण तो काय आहे हे चंचुपात्र सांगत नाही. त्याची स्फटिकरचना पाहायला क्ष-किरण विवर्तन यंत्र लागते, पृष्ठभाग पाहायला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक. लहान महाविद्यालयांत अशी यंत्रे सहसा नसतात. नमुने डबीत घालून पुण्याला किंवा कोल्हापूरला न्यायचे, शुल्क भरायचे, पाळीची वाट पाहायची. आठवड्याला सोळा-अठरा तास वर्गात शिकवायचे, परीक्षा, मानांकनाची कागदपत्रे सांभाळायची आणि उरलेल्या वेळात संशोधन करायचे. मोठ्या संस्थेतील संशोधक वर्षाला आठ निबंध लिहितो आणि इथला दोन, तेव्हा दोघांना मिळालेली साधने विचारात घेतल्याशिवाय त्या आकड्यांतून काहीच निष्पन्न होत नाही.

सहलेखनाचा प्रश्न याच्याशीच जोडलेला आहे. यंत्र दुसऱ्याचे, विश्लेषण तिसऱ्याचे, म्हणून निबंधावर सात-आठ नावे येतात. हे सहकार्य खरे असेल तर उत्तमच. पण प्रत्येक उल्लेख सातही जणांच्या खात्यावर पूर्ण जमा होतो. म्हणून मोठ्या गटांशी जोडलेल्या संशोधकाचा आकडा झपाट्याने वाढतो. त्याने स्वतः काय केले, हे पहिल्या किंवा पत्रव्यवहाराच्या लेखकाच्या जागी त्याचे नाव किती वेळा आहे, यावरून बरेचसे कळते.

छापण्याचाही खर्च आहे. सर्वांना मोफत वाचता येणाऱ्या अनेक परदेशी नियतकालिकांत लेखकाकडून शुल्क घेतले जाते आणि ते सहज लाख-दोन लाख रुपयांपर्यंत जाते. वाचण्याच्या बाबतीत मात्र अलीकडे परिस्थिती सुधारली. केंद्र सरकारच्या 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेला नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजुरी मिळाली. तीन वर्षांसाठी ६ हजार कोटी रुपये, तीस प्रकाशकांची सुमारे १३ हजार नियतकालिके आणि ६,३०० हून अधिक सरकारी संस्था असा तिचा आवाका आहे. २०२५ च्या जानेवारीपासून ती सुरू झाली. योजनेत येणाऱ्या संस्थेतील विद्यार्थ्याला एका निबंधासाठी पुण्याच्या ग्रंथालयाची वाट धरावी लागत नाही. अनुदान नसलेल्या खासगी संस्था मात्र या पहिल्या टप्प्यात नाहीत.

गुणांसाठी लेखन

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० च्या नियमावलीत प्राध्यापकांच्या निवडीसाठी आणि पदोन्नतीसाठी गुणांकन पद्धत आणली. निबंध छापला की गुण, नियतकालिकाचा इम्पॅक्ट फॅक्टर मोठा असेल तर जास्त गुण. हेतू वशिलेबाजीला आळा घालण्याचा होता. पण मोजमाप हेच ध्येय झाले, की माणसे मोजमापासाठी काम करू लागतात. देशभर पैसे घेऊन वाटेल ते छापणाऱ्या नियतकालिकांची दुकाने उघडली.

ती किती पसरली होती, याचा एक हिशेब पुण्यातच मांडला गेला. भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयोगाच्या मान्यताप्राप्त यादीची तपासणी केली. 'करंट सायन्स'मध्ये २०१८ साली आलेल्या त्यांच्या निबंधानुसार, विद्यापीठांच्या शिफारशीवरून यादीत शिरलेल्या आणि तपासलेल्या नियतकालिकांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट असण्याची शक्यता होती. त्याच वर्षी मे महिन्यात आयोगाने ४,३०५ नियतकालिके यादीतून काढली. पुढे 'यूजीसी-केअर' ही नवी यादी आली आणि तिच्या कामात पुणे विद्यापीठाचा मोठा वाटा होता. फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने ही यादीही बंद केली आणि नियतकालिक पारखण्याची जबाबदारी संस्थांवर सोपवली. दरम्यान नोव्हेंबर २०२२ च्या नियमांत पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्यापूर्वी निबंध छापण्याची देशव्यापी सक्ती काढून टाकली होती.

हा रोग केवळ भारतातला नाही. २०२३ या एका वर्षात जगभरात दहा हजारांहून अधिक शोधनिबंध मागे घेतले गेले. त्यातील आठ हजारांहून अधिक एकट्या 'हिंदावी' या प्रकाशनसंस्थेच्या नियतकालिकांतले होते. तयार निबंध विकणारे, लेखकपद विकणारे, एवढेच नव्हे तर सायटेशन विकणारेही दलाल आहेत. २०२४ मध्ये अमेरिका आणि ब्रिटनमधील दोन अभ्यासकांनी हा प्रकार उघड करण्यासाठी लॅरी नावाच्या मांजराच्या नावे अर्थहीन निबंध तयार केले आणि तसल्याच दुसऱ्या निबंधांत त्यांचे उल्लेख पेरले. गुगल स्कॉलरवर मांजराच्या नावे शंभराहून अधिक सायटेशन जमा झाली. मोजणाऱ्या यंत्रणेने एकदाही विचारले नाही की लिहिणारा कोण आहे.

हिर्श यांनीही २०२० मध्ये कबूल केले की आपण सुचवलेला निर्देशांक सपशेल चुकू शकतो आणि त्याचे वाईट परिणाम होऊ शकतात. प्रस्थापित समजुतीच्या विरोधात लिहिणाऱ्याला उल्लेख कमी मिळतात, ही त्यांची तक्रार अनुभवातून आली होती.

आकड्याला न दिसलेले काम

सौरऊर्जेच्या इतिहासातच याचे दाखले सापडतात. सिलिकॉनसारख्या एकाच पदार्थाच्या सौरघटाने सूर्यप्रकाशाचा जास्तीत जास्त किती भाग विजेत बदलता येईल, याची मर्यादा विल्यम शॉक्ली आणि हान्स क्वाइसर यांनी १९६१ मध्ये गणिताने काढली. ती साधारण तिसेक टक्के आहे. शॉक्ली नोबेलविजेते होते, तरी या निबंधाकडे पहिली काही दशके फारच थोड्यांनी लक्ष दिले. सौर संशोधनाला भरती आल्यावर त्याचे उल्लेख हजारोंनी वाढले. आज तो निबंध सौरघट शिकणाऱ्या प्रत्येकाला वाचावा लागतो. १९७० च्या दशकात केवळ सायटेशन पाहून निवड केली असती, तर तो बाजूला पडला असता.

जपानमधील योकोहामाच्या तोइन विद्यापीठाचे नाव फारसे कोणाला माहीत नव्हते. लहानसे खासगी विद्यापीठ. तेथे त्सुतोमू मियासाका यांच्या प्रयोगशाळेत पेरोव्हस्काइट नावाच्या स्फटिकगटातील पदार्थ सौरघटात वापरून पाहिला गेला. २००९ च्या निबंधात त्याची कार्यक्षमता होती ३.८ टक्के. तीही फार वेळ टिकत नव्हती. सुरुवातीला कोणी दखल घेतली नाही. २०१२ नंतर इतरांनी तो धागा पुढे नेला आणि या घटांची प्रयोगशाळेतील कार्यक्षमता २६ टक्क्यांच्या पुढे गेली. मूळ निबंधाला आज हजारोंनी उल्लेख आहेत. छोट्या ठिकाणचे चांगले काम उशिरा का होईना दिसते, हा त्यातील दिलासा. पण २०१० साली मियासाका यांचे मूल्यमापन करणाऱ्या समितीला तो आकड्यांत दिसला नसता.

तिसरा दाखला बांधावरच्या पॅनेलचा आहे. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स विद्यापीठात मार्टिन ग्रीन, अँड्र्यू ब्लेकर्स आणि सहकाऱ्यांनी सिलिकॉन घटाच्या मागच्या बाजूची रचना सुधारली आणि १९८९ मध्ये २२.८ टक्के कार्यक्षमतेचा निबंध लिहिला. 'पर्क' या नावाने ही रचना कारखान्यांत यायला पंचवीसेक वर्षे गेली, पण २०१० च्या दशकाच्या उत्तरार्धात जगातील बहुतांश नव्या पॅनेलमध्ये तीच आली. २०२३ मध्ये तिच्या चार शिल्पकारांना क्वीन एलिझाबेथ अभियांत्रिकी पुरस्कार मिळाला. उल्लेखांच्या संख्येत मात्र हा निबंध पेरोव्हस्काइटच्या गाजलेल्या निबंधांच्या जवळपासही जात नाही. पेरोव्हस्काइटचे उल्लेख सर्वाधिक असले, तरी ओलावा आणि उष्णता सोसण्याचा त्याचा प्रश्न पुरता सुटलेला नाही. छपरांवर आणि शेतांत दिसणारी पॅनेल आजही जवळजवळ सगळी सिलिकॉनचीच आहेत.

बारामती-इंदापूरचे प्रश्न

बारामती तालुक्यात शिर्सुफळ येथे महानिर्मितीचा सौर प्रकल्प आहे. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत शेतकऱ्याने दहा टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने पाच टक्के हिस्सा भरला, की पंप मिळतो. म्हणजे सौरघट आता या भागाच्या रोजच्या व्यवहारात आला आहे, आणि त्याचे प्रश्नही इथलेच आहेत.

पॅनेलवर लिहिलेली क्षमता २५ अंश सेल्सिअस घटतापमानाला मोजलेली असते. त्याच्या वर प्रत्येक अंशाला सिलिकॉन पॅनेलची क्षमता साधारण ०.३ ते ०.४५ टक्के घटते. एप्रिल-मेच्या दुपारी पॅनेल ६० अंशांपर्यंत तापले, तर ०.४ टक्क्याने हिशेब करता चौदा टक्के वीज केवळ उष्णतेने गेली. पिकाला पाणी सर्वाधिक लागते तेच हे दिवस. त्यात गळीत हंगामात साखर कारखान्यांच्या परिसरात बगॅसची काजळी उडते आणि कपड्यांवर, छपरांवर बसते, तशी पॅनेलवरही बसते. कोरड्या मातीची धूळ आणि ही काजळी यांचा परिणाम सारखा असतो का? किती दिवसांनी धुतले म्हणजे पाणीही वाचेल आणि वीजही? डाळिंबाच्या बागेवर उंच पॅनेल बसवली, तर उन्हाने फळ भाजणे कमी होईल की उत्पादन घटेल? द्राक्षाचा बेदाणा सौर वाळवणीत किती दिवसांत, कोणत्या प्रतीचा होतो?

या प्रश्नांची उत्तरे काढायला शेजारचे सूक्ष्मदर्शक पुरते. तापमापक, वीजमापक, वर्षभर रोज नोंद घेणारे विद्यार्थी आणि शेतकऱ्यांची साथ, एवढी साधने तालुक्याच्या महाविद्यालयात जुळू शकतात. माळेगाव येथे २००९ पासून राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था आहे, बारामतीचे कृषी विज्ञान केंद्र आहे. सहकार्याला माणसे जवळच आहेत. पण असा निबंध लिहिला, तर त्याचा उल्लेख करणारे जगात किती? ऊस पिकवणाऱ्या प्रदेशातील मोजके संशोधक. त्याच प्राध्यापकाने त्याच वर्षात एखाद्या ऑक्साइडमध्ये आणखी एक मूलद्रव्य मिसळून थर बनवला आणि दूरच्या गटाशी मिळून निबंध लिहिला, तर उल्लेख कितीतरी पट अधिक. गुणांचे कोष्टक त्याला कोणत्या दिशेला ढकलते, हे उघड आहे. पहिला प्रश्न अनुत्तरित राहण्याची किंमत शेतकरी मोजतो, आणि ती कोणत्याही कोष्टकात येत नाही.

थरांचे मूलभूत काम टाकाऊ आहे, असा याचा अर्थ नाही. मियासाका यांचा प्रयोगही त्या जातकुळीचाच होता. अडचण एवढीच, की एकच आकडा दोन्ही प्रकारच्या कामांना लावला, तर एक प्रकार हळूहळू नाहीसा होतो.

यादी वाचायची कशी?

आकडे फेकून द्या, असे कोणी जाणकार म्हणत नाही. २०१२ च्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्याने नियतकालिकाच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून माणसाची पारख करू नका, असे सांगितले. २०१५ च्या लायडन जाहीरनाम्याने आकडे तज्ज्ञांच्या निर्णयाला पूरक असावेत आणि स्थानिक महत्त्वाच्या संशोधनाला संरक्षण मिळावे, अशी मागणी केली. भारतातही वारे थोडे बदलत आहे. आयोगाच्या जानेवारी २०२५ च्या मसुद्यात जुनी गुणांकन पद्धत सोडण्याचा प्रस्ताव आहे, तर राष्ट्रीय संस्थात्मक क्रमवारीत मागे घेतलेल्या निबंधांमुळे गुण कमी करण्याचे धोरण आले आहे.

तोवर मार्गदर्शक शोधणाऱ्या विद्यार्थ्याने किंवा मुलाखत घेणाऱ्या समितीने काही साधे प्रश्न विचारले, तरी पुष्कळ उलगडा होतो. आकडा स्कोपसचा की गुगल स्कॉलरचा? संशोधनाला किती वर्षे झाली, कारण एच-इंडेक्स वयाबरोबर वाढतो आणि कधी कमी होत नाही. स्वतःचेच उल्लेख वगळल्यावर काय उरते? पहिला किंवा शेवटचा लेखक म्हणून किती निबंध आहेत? सर्वाधिक उल्लेख आढाव्याला आहेत की प्रयोगाला? एखादा निबंध मागे घेतला गेला आहे का, आणि गेला असेल तर प्रामाणिक चुकीमुळे की बनावटगिरीमुळे? हाताखालच्या विद्यार्थ्यांनी पदवी किती वर्षांत पूर्ण केली, आणि आज ते काय करतात? शेवटचा प्रश्न कोणत्याच संकेतस्थळावर नसतो. त्यासाठी त्या विद्यार्थ्यांशी बोलावे लागते.

आणि सर्वात महत्त्वाचे, त्या संशोधकाचे दोन निबंध प्रत्यक्ष वाचावेत. एक सर्वाधिक उल्लेखाचा आणि एक असा, जो त्याला स्वतःला सर्वात मोलाचा वाटतो. 'हा प्रश्न तुम्ही का घेतला?' असे विचारावे. ज्याला याचे उत्तर देता येते, त्याच्या प्रयोगशाळेत काही वर्षे घालवायला हरकत नाही, मग त्याचे नाव दोन टक्क्यांच्या यादीत असो वा नसो. इंदापूरच्या एखाद्या मुलीने बगॅसच्या काजळीवर प्रबंध लिहायचे ठरवले, तर तिला पुढे नोकरीच्या मुलाखतीत सायटेशन किती, हाच एक प्रश्न विचारला जाऊ नये. विचारण्यासारखे आणखी बरेच आहे, हे समितीतल्या लोकांनी आधी ठरवायला हवे.